कुत्रा अंगण उकरतो? बांधायच्या आधी हे ऐका

मी पारनेरहून बोलतेय, आणि आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या अंगणातला आहे. कुत्रा खड्डे करतो. आज तुळशीजवळ, उद्या गेटपाशी, परवा नुकत्याच लावलेल्या शेवग्याच्या रोपाशी. घरात यावर एकच उत्तर तयार असतं. आमची आजी म्हणते तेच: "अगं, बांध की त्याला!"

आजच्या भागात मला एवढंच सांगायचंय की बांधल्याने खड्डा थांबतो, खड्ड्याचं कारण थांबत नाही. आणि आपल्या भागात बांधलेल्या कुत्र्याच्या जिवावरही बेतू शकतं. ते कसं, ते शेवटी सांगते.

पहिली गोष्ट, उकरणं ही खोडी नाही. कुत्रा लांडग्याच्या वंशातला. लांडगे आपल्या नगर-सोलापूरच्या माळरानांवर आजही आहेत आणि पिल्लांसाठी ते बीळ उकरतात. काही जाती तर माणसानेच उकरण्यासाठी तयार केल्या. डॅशहुंड या जर्मन नावाचा अर्थच 'बिज्जूचा कुत्रा'. बिळात शिरून बिज्जू बाहेर काढायचा, हे त्याचं काम. म्हणजे हे फीचर आधीपासूनच आहे, ते डिलीट होणार नाही. फक्त कुठे आणि किती, हे आपण ठरवू शकतो.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनियर. बग आला की आधी लॉग बघायचा, मग कोडला हात लावायचा, ही सवय. इथेही तेच करा. सात दिवस प्रत्येक नव्या खड्ड्याचा मोबाईलवर फोटो काढा आणि सोबत तीन गोष्टी लिहा: कुठे, किती वाजता, खड्ड्याचा आकार कसा. आठवडाभरात बहुतेक वेळा कारण आपोआप दिसतं.

खड्डा उथळ, सावलीत, आणि कुत्रा त्यातच झोपलेला? मग कारण ऊन. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, फक्त पंजांच्या तळव्यांना थोडासा येतो. बाकी सगळं काम धापा टाकून. आपला तालुका पर्जन्यछायेतला, एप्रिल-मे कसा जातो ते तुम्हाला माहीतच आहे. वरची माती तापलेली असली तरी वीतभर खाली ती गार असते, हे कुत्र्याला बरोबर कळतं. उपाय सोपा: झाडाखाली किंवा शेडनेटखाली जागा, तिथे ओलं बारदान, आणि दिवसातून दोन-तीनदा बदललेलं पाणी. पत्र्याचं खुराडं दुपारी भट्टी होतं, ते नको. आमच्या मोत्याचे दुपारचे खड्डे एवढ्यानेच थांबले.

खड्डा अरुंद, खोल, भिंतीच्या किंवा लाकडांच्या ढिगाच्या कडेने? मग खाली घूस किंवा उंदीर आहे. कुत्रा तुमचंच काम करतोय! धान्य आणि कोंबड्यांचं खाद्य झाकणाच्या डब्यात ठेवा, अडगळ हलवा. उंदरांच्या मागे सापही येतात. नाग-घोणस असलेल्या बिळात तोंड घालणारा कुत्रा मोठा धोका पत्करत असतो, म्हणून ही जागा आधी साफ करा. पण उंदरांचं औषध टाकू नका. झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांनी रक्त गोठणं बंद होतं आणि लक्षणं काही दिवसांनी दिसतात. कुत्र्याने वडी खाल्ली किंवा विष खाल्लेला उंदीर खाल्ला, दोन्हीकडून धोका त्यालाच.

फक्त नव्या रोपांशीच उकरतो? खत बघा. हाडांच्या चुऱ्याचा वास त्याला जेवणाचा वाटतो. एरंडीची पेंड त्याहून वाईट. एरंडाच्या बीत रिसिन नावाचं विष असतं आणि ते पेंडीत राहू शकतं. पेंड खाऊन कुत्रे दगावतात. अंगणातल्या रोपांना चांगलं कुजलेलं शेणखत घाला आणि भोवती जाळी लावा. पेंड खाल्ल्याची नुसती शंका आली तरी उलटी-जुलाबाची वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. सोबत पिशवीवरच्या लेबलचा फोटो असू द्या.

कुंपणाच्या खाली, गेटपाशी? त्याला बाहेर जायचंय. कुंपणाच्या कडेने जमिनीत फूटभर जाळी पुरा किंवा जड फरश्या बसवा. मोठा नर मादीच्या वासाने पळत असेल तर नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला.

कुत्री एका कोपऱ्यात सारखी उकरतेय? ती गाभण असू शकते. साधारण ६३ दिवसांत ती विते. तिला रागावू नका. आडोशाला कोरडी, शांत जागा करून द्या.

आणि जागा-वेळ काहीच ठरलेलं नाही? मग बहुतेक कंटाळा. एक-दोन वर्षांचा कुत्रा आणि दिवसभर काहीच काम नाही, मग तो करणार काय? सकाळ-संध्याकाळ अर्धा तास फिरवा आणि फिरताना त्याला मनसोक्त हुंगू द्या. हुंगण्यात डोकं चालतं, आणि त्याने तो दमतो. घरी भाकरीचे तुकडे गवतात पसरून शोधायला लावा.

तरीही उकरतोच? मग त्याला त्याचा खड्डा द्या. कोपऱ्यात चार बाय तीन फूट जागा, दीड फूट खोल, त्यात माती आणि वाळू. त्याच्यासमोर एखादं खेळणं किंवा भाकरीचा तुकडा पुरा. तिथे उकरलं की शाबासकी. दुसरीकडे उकरताना दिसला की आवाज न चढवता हाक मारून इथे आणा. आपल्या निघोजच्या रांजणखळग्यांना कुकडी नदीने हजारो वर्षं घेतली, मोत्याला एक दुपार पुरते. तर ती दुपार त्याच्या कोपऱ्यात जाऊ द्या.

काय करायचं नाही, तेही ऐका. संध्याकाळी घरी येऊन सकाळचा खड्डा दाखवत मारू नका. त्या दोन गोष्टींचा संबंध त्याला लागत नाही. त्याला एवढंच कळतं की तुम्ही आलात की मार पडतो. खड्ड्यात मिरची पावडर, फिनेल, डांबर गोळ्या टाकू नका. डांबर गोळी गिळली तर विषबाधा होते.

आता बांधण्याबद्दल. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा. त्याच्या कलम ११ प्रमाणे आखूड किंवा जड साखळीने जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणं गुन्हा आहे, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं हाही गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधी बिबट्याचा विचार करा. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला. वजनाच्या हिशेबात सगळ्यात मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. पारनेर तालुक्यातही बिबट्याचा वावर आहे. मोकळा कुत्रा निदान पळेल, भुंकेल, ओट्यावर चढेल. उघड्या अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा कुठे जाणार? रात्री त्याला पडवीत, दाराआड घ्या.

खड्डा दहा मिनिटांत बुजवता येतो. कुत्रा गेला तर तो परत येत नाही. म्हणून साखळी आणायला जायच्या आधी आजपासून सात दिवसांचा लॉग ठेवा. आणि घरात कुणी "बांध त्याला" म्हणालं, तर हा भाग त्यांना स्पीकरवर ऐकवा. आमच्या आजीला मी ऐकवणारच आहे.

तुमच्या खड्ड्यांचे फोटो आणि व्हॉइस नोट्स येऊ द्यात. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि बाहेरच्या पाण्याच्या भांड्यात पाणी आहे का, तेवढं बघून या.