आधी थांबायला शिकवा, मग पळायला

जुनी मोटार पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटलं की लोक आधी रंगाचं विचारतात. काळी ठेवणार की पांढरी? मित्रहो, रंग हे या कामातलं शेवटचं प्रकरण. अब्बांची १९७४ सालची पद्मिनी मी आणि माझा दोस्त गेली दोन वर्षं रत्नागिरीत, घराच्या पडवीत उभी करतो आहोत. दोस्त एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "आधी तिला थांबायला शिकवू रे, मग पळायला."

त्याआधी पत्रा तपासावा लागतो. जीपला खाली वेगळी चासी असते, पद्मिनीला ती नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा. म्हणून दाराखालचा लांब पट्टा गंजला तर नुसती शोभा जात नाही, गाडीचा कणाच जातो. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत हे हमखास होतं. वरून लांबी भरून रंग मारलेला असला तर डोळ्यांना काही कळत नाही. लोहचुंबक लावून पाहा. पत्र्याला तो चिकटतो, लांबीवरून निसटतो. आमच्या डाव्या बाजूला तो वीतभर निसटत गेला. भंगारवाला तर किलोचा भाव सांगून मोकळा झाला होता.

सडका पट्टा कापताना बॉडी खचू नये म्हणून खालून भक्कम टेकू द्यावे लागतात आणि एका वेळी एकच बाजू घ्यावी लागते. दारं काढायची नाहीत. दाराची फट वरखाली सारखी आहे ना, हे पाहतच वेल्डिंग करायचं. त्याआधी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी गाडीतून बाहेर. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून घातक, कारण स्फोट वाफेचा होतो. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधी शिरू नये. घोडी लावल्याशिवाय दोस्त मला हातसुद्धा घालू देत नाही.

मग ब्रेक. आमच्या गाडीत चारही चाकांचं ब्रेक ऑइल एकाच मास्टर सिलिंडरमधून जातं. एका चाकाशी गळती झाली की चारही ब्रेक गेले. म्हणून रबरी वायसर आणि होजपाइप सगळे नवे घातले. नळ्यांतली हवा काढायला मात्र दोन माणसंच हवीत. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी निपल सैल करून बुडबुडे जाऊ द्यायचे, पुन्हा आवळायचं आणि मगच "सोड" म्हणायचं. आवळण्याआधी पाय सुटला तर हवा परत आत. सुरुवात सर्वांत लांबच्या चाकापासून. "दाब", "धर", "सोड" या तीन शब्दांत आमची अख्खी दुपार गेली. इतका नेमका संवाद मी कुठल्या मुशायऱ्यातही ऐकलेला नाही.

इंजिन त्या मानानं सरळ. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. जाम झालं होतं. प्लग काढून आत डिझेल आणि ऑइल सोडलं, आठवडाभर मुरू दिलं, मग हातानं हळूहळू फिरवलं. स्टार्टर मारून जबरदस्ती केली असती तर रिंगा तुटल्या असत्या. ठिणगी वाटणाऱ्या भागाला आपले मिस्त्री 'डेल्को' म्हणतात. मुळात ते एका अमेरिकन कंपनीचं नाव. कंपनी दूर राहिली आणि नाव आपल्या गॅरेजांत नांदलं. आतल्या पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी ठेवायची असते. पेट्रोलचे रबरी पाइपही बदलले. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं. शिवाय ते पाणी ओढतं, म्हणून टाकी आतून गंजते.

सुटे भाग अजून मिळतात, ते मुंबईच्या टॅक्स्यांमुळे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. पुढं हे भाग किती दिवस मिळतील, याचा भरवसा धरू नये.

कागदांवरून आमच्यात अजून वाद आहे. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा व्हिंटेज क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पण मग ती प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची. रोज वापरायची नाही. दोस्ताला तो क्रमांक हवा आहे. मला अम्मीला घेऊन बाजारात जायचं आहे. तूर्त साधी नोंदणीच पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायचं ठरतंय. दारांची रबरं तेवढी मिळायची आहेत, ती पावसाळ्याआधी बसायला हवीत.