परतीचा वारा

हवाई, न्यूझीलंड आणि ईस्टर आयलंड नकाशावर जोडले की पॅसिफिकमध्ये एक प्रचंड त्रिकोण तयार होतो. युरोपची जहाजं तिथं फिरकण्याच्या कित्येक शतकं आधी या त्रिकोणातल्या राहण्याजोग्या जवळपास प्रत्येक बेटावर पॉलिनेशियन माणूस पोहोचला होता. होकायंत्र नव्हतं, लोखंडाचा खिळाही नव्हता. काथ्याने एकमेकींना जखडलेल्या दोन होड्या आणि केवड्याच्या जातीच्या पानांचं विणलेलं शीड, एवढाच सरंजाम.

विद्वानांना हे पचेना. १९४७ मध्ये थोर हेयरडाल पेरूहून ‘कॉन-टिकी’ तराफ्यावर निघून १०१ दिवसांनी पॉलिनेशियात पोहोचले आणि ही माणसं पूर्वेकडूनच वाहत आली, असं सांगू लागले. भाषा, मातीची भांडी आणि पुढे जनुकं यांनी पश्चिमेकडे बोट दाखवलं. अँड्र्यू शार्प यांचं म्हणणं वेगळं होतं: दूरची बेटं भरकटलेल्या होड्यांना योगायोगाने लागली. पण मासेमारीला निघालेला माणूस होडीत बायको, डुकरं, कोंबड्या आणि अळूचे कंद भरून निघत नाही! १९७३ मध्ये संगणकावर हजारो होड्या ‘भरकटवून’ पाहिल्या, तेव्हा त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना नुसतं वाहत पोहोचणं जवळपास अशक्य ठरलं.

तरी पेच उरतोच. इथले नेहमीचे वारे पूर्वेकडून येतात आणि वस्ती तर पूर्वेकडे सरकत गेली. वाऱ्याच्या तोंडावर कोण कशाला जाईल? न्यूझीलंडचे पुरातत्त्वज्ञ जेफ्री अर्विन स्वतः शिडाची होडी चालवणारे. त्यांचं उत्तर मला सगळ्यांत पटतं. पुढे जमीन आहे की नाही हेच ठाऊक नसेल, तर आधी परतीची सोय बघावी. उन्हाळ्यात काही दिवस वारा पश्चिमेचा होतो, तो धरून पूर्वेला जायचं. शिधा निम्म्यावर आला आणि बेट दिसलं नाही, की होडी वळवायची. नेहमीचा वारा घरी आणून सोडतो. वाऱ्यासोबत पुढे गेलेल्याला ही हमी नसते.

घर शोधायला तारे होते. व्याध ताहितीच्या माथ्यावरून जातो, स्वाती हवाईच्या. ताहितीहून निघालेल्याने थोडं पूर्वेला राहून उत्तर गाठायची आणि स्वाती ऐन डोक्यावर आली की वाऱ्यासोबत पश्चिमेला वळायचं. (मुंबईचा अक्षांशही जवळपास हवाईचाच, मेअखेरीस रात्री सव्वादहाला गच्चीत गेलात तर स्वाती तिथंच दिसेल.) ढगाळ रात्री दूरवरून येणाऱ्या लांब लाटांची दिशा होडीच्या हेलकाव्यावरून ओळखत. संध्याकाळी कुररी पक्षी घराकडे वळले की ते जातील तिकडे जमीन.

हे सगळं आजही जमतं का, हे पाहायला १ मे १९७६ रोजी ‘होकुलेआ’ ही जोडहोडी हवाईहून ताहितीला निघाली. हे नाव स्वातीचंच. वाट दाखवायला मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाचे माऊ पियाईलुग होते, कारण हवाईत ही विद्या जाणणारं कुणी उरलंच नव्हतं. सुमारे ४,००० किलोमीटर, एकही यंत्र नाही. ४ जूनला होडी ताहितीच्या पापीतेला लागली तेव्हा बंदरावर हजारोंची गर्दी होती. माऊ मात्र परतीला थांबले नाहीत. खलाशांमधल्या भांडणांना कंटाळून ते थेट घरी गेले. यंत्राविना जाऊन परत येणं साधलं ते १९८० मध्ये, हवाईच्या नायनोआ थॉम्पसन यांना. त्यांना शिकवलं होतं माऊंनीच.