छऱ्यांचा हिशेब

निफाड तालुक्यातल्या माझ्या आजोळच्या घराचा माळा गेल्या वर्षी रिकामा केला, तेव्हा एक सागवानी पेटी हाती आली. आत पितळी पुंगळ्या, लाकडी ठासणी, लांब दांडीचे पितळी माप, पुठ्ठ्याच्या आणि नमद्याच्या गोल चकत्या आणि एका पुरचुंडीत शिशाचे छर्रे होते. दारूचा डबा रिकामा होता. आजोबांकडे परवान्याची बंदूक होती आणि बदकांसाठीची काडतुसे ते घरीच भरत, एवढे मला ठाऊक होते. थोरल्या मामांच्या डाव्या हाताला दोन बोटे का नव्हती, हे मात्र ती पेटी पाहिल्यावरच आईने सांगितले. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो.

छऱ्याच्या बंदुकीला 'बारा बोअर' का म्हणतात, इथपासून माझी सुरुवात झाली. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. म्हणजे या बंदुकीचे नावच शिशाच्या वजनावरून पडले आहे.

काडतुसाची रचना साधी वाटते. तळाला ठिणगी देणारी टोपी, तिच्यावर दारू, दारूवर चकत्यांचा थर म्हणजे वॉड, त्यावर छर्रे आणि शेवटी तोंड बंद करणारी चकती. यांत वॉडचे काम सर्वांत दुर्लक्षित, पण महत्त्वाचे. तो दारूचा वायू पुढे निसटू देत नाही आणि छऱ्यांना मागून एकसारखा रेटा देतो. पूर्वी हे सारे नळीच्या तोंडातून एकामागून एक ठासत. १८३०च्या दशकात फ्रान्समध्ये लफोशो याने मागून भरायच्या बंदुकीचे काडतूस आणले आणि तेच थर एका पुंगळीत आले. घरी काडतूस भरणे ही त्या ठासण्याचीच पुढची पायरी. पितळी पुंगळी पुन्हा पुन्हा वापरता येते, विकतच्या काडतुसापेक्षा खर्च कमी येतो आणि पक्षी पाहून छऱ्यांचा आकार ठरवता येतो. लहान बदकाला बारीक छर्रा, हंसाला मोठा.

आता मामांच्या बोटांकडे येतो. जुनी काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा, आपल्या फटाक्यातलीच. ती मापाने, म्हणजे आकारमानाने भरत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिनधुराची दारू आली. तिची ताकद कितीतरी अधिक. जुनी मापे वाया जाऊ नयेत म्हणून काही कारखान्यांनी ती मुद्दाम हलकी, फुगीर बनवली; काळ्या दारूच्या मापात ती बसे. पण दुसऱ्या काही जाती दाट होत्या. त्या तराजूवर तोलूनच घ्यायच्या. दिसायला दोन्ही दाणेदार, डबे सारखे. दाट दारू जुन्या मापाने भरली की नळी फाटायची. बार काढताना डावा हात नळीखाली असतो. मामांनी आजोबांच्या मापाने नव्या डब्यातली दारू भरली होती. माप चुकले नव्हते. त्या मापाचा काळ संपला होता.

पुरचुंडीतले छर्रे इतके गोल कसे, याचे मला लहानपणापासून कुतूहल. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने १७८२मध्ये याचे पेटंट घेतले. वितळलेले शिसे चाळणीतून उंचावरून सोडायचे; पडता पडता पृष्ठताणामुळे थेंब गोल होतो, गोठू लागतो आणि खाली पाण्यात पडतो. यासाठी पुढे उंच मनोरे बांधले गेले.

एका काडतुसात असे अडीचशे-तीनशे छर्रे असतात. बदकाला त्यांतले मोजकेच लागतात. बाकीचे पाण्यात जातात आणि शिसे कुजत नाही. बदकाच्या पोटात दाणे दळणारे स्नायूंचे जठर असते. जात्याला दगड हवा, म्हणून बदके तळातली खडी वेचून गिळतात. खडीबरोबर छर्रा जातो, दळला जातो, आम्लात विरघळतो. अन्ननलिका भरलेली असूनही पक्षी उपासमारीने खंगतो, पंख लोंबतात. अमेरिकेत जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८९४मध्येच याविषयी लिहिले होते. १९५९मध्ये फ्रँक बेलरोज यांनी अंदाज मांडला, की उत्तर अमेरिकेतली दोन ते तीन टक्के पाणपाखरे दरवर्षी शिशाच्या विषाने मरतात. बंदुकीने न मेलेला पक्षी बंदुकीनेच मरत होता.

उपाय नरम पोलादाचे छर्रे. पण शिशाच्या जागी पोलाद ओतून भागत नाही. शिशाची घनता ११.३, पोलादाची ७.८. हलका छर्रा लवकर मंदावतो, म्हणून तो दोन क्रमांक मोठा घ्यावा लागतो. तेवढ्याच वजनाला जागा जास्त लागते. शिसे दाबले जाते, पोलाद दाबले जात नाही. नळी ओरखडू नये म्हणून जाड प्लास्टिकची वाटी लागते. मग दारूही वेगळी, सावकाश जळणारी. एक घटक बदलला की सगळा मेळ नव्याने बसवावा लागतो. घरी भरणाऱ्यांना हे समजणे भाग होते. अनेक शिकाऱ्यांनी कडवा विरोध केला. तरीही १९९१पासून अमेरिकेत पाणपाखरांसाठी शिशाचे छर्रे देशभर बंद झाले. मिसिसिपी खोऱ्यातल्या बदकांची जठरे तपासणाऱ्या अभ्यासकांनी पुढे अनुमान काढले, की १९९७च्या एका हंगामात या बंदीमुळे सुमारे १४ लाख बदके वाचली.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा खेळच संपत गेला. पण त्याआधीचे काय? भरतपूरच्या केवलादेव उद्यानातल्या शिलालेखावर १२ नोव्हेंबर १९३८ची नोंद आहे: व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी. दर पक्ष्यामागे एकच काडतूस आणि त्यात तीस ग्रॅम शिसे धरले, तरी माझ्या हिशेबाने १२८ किलो शिसे आणि दहा लाखांवर छर्रे होतात. तेही एका दिवसात. हे सरोवर स्वातंत्र्यानंतर शेतीसाठी आटवले जाऊ नये म्हणून झटणारे सालीम अली हेही बालपणी छऱ्याची हवाई बंदूक घेऊन हिंडत. त्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीने त्यांना पक्षीशास्त्राकडे नेले.

नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याला आता रामसर दर्जा आहे. महाराष्ट्रातले ते पहिले रामसर स्थळ. हिवाळ्यात मी तिथे दुर्बीण घेऊन बसतो. तलवार बदके शेपट्या वर करून तळ धुंडाळतात, थापटे चोचीने पाणी गाळतात. त्याच पाण्याकाठी आजोबा बसत. त्यांनी आणलेल्या बदकाच्या रश्श्यात दाताखाली छर्रा आला, की आजी तो ताटाच्या कडेला ठेवी आणि आम्ही पोरे कुणाच्या ताटात किती ते मोजत असू.

पेटी आवरताना आई म्हणाली, "जुन्या माणसाची वस्तू आहे बाबा, घरात नको. गोदेत सोडून ये." आपली रीतच तशी. मी तिला बदकाच्या जठराची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प राहिली. मग उठून लोणच्याची एक रिकामी बरणी घेऊन आली. छर्रे त्या बरणीत, घट्ट झाकणाखाली, माझ्या टेबलावर आहेत. ठासणी आणि माप मामींकडे दिले. ते माप त्यांनी हातात धरून उलटसुलट पाहिले आणि एवढेच विचारले, "हेच का ते?"