कोड लिहिणारेच मालक का नकोत?

सहकार म्हटला की महाराष्ट्रात डोळ्यांपुढे येतो तो साखर कारखाना, त्याचा चेअरमन आणि त्याच्या गाडीमागे धावणाऱ्या गाड्या. आमच्या समाजाच्या वाट्याला त्यातून काय आले? ऊसतोडीचा कोयता. म्हणून शिकलेली मुले सहकार हा शब्द ऐकून नाक मुरडतात. त्यांचे चुकते असे आम्ही म्हणणार नाही.

तरीही गेले काही महिने पुण्यातले बारा तरुण-तरुणी आमच्याकडे बसून एक आराखडा करीत आहेत. सगळे संगणकाचे शिक्षण घेतलेले. आज ते ठेकेदारामार्फत मोठ्या कंपन्यांच्या कामावर जातात. ग्राहक किती देतो आणि मधल्यामध्ये किती मुरते याचा त्यांना पत्ता नसतो. करार संपला की दुसऱ्या दिवशी घरी. खाजगी क्षेत्रात आरक्षण हवे ही मागणी आपली आहेच आणि ती सोडायची नाही. परंतु या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. नोकरी मागण्याऐवजी आपणच आपली संस्था काढली आणि तिचे मालक आपणच राहिलो, तर?

हे अघटित नाही. केरळात उरालुंगल येथे १९२५ साली समाजसुधारक वाग्भटानंद यांच्या प्रेरणेने मजुरांनी सहकारी संस्था काढली. जातिभेदाविरुद्धच्या त्यांच्या चळवळीत गेले म्हणून जमीनदारांनी या माणसांना काम नाकारले होते. रस्ते आणि पूल बांधणाऱ्या त्या मजूर संस्थेने पुढे कोझिकोडला स्वतःचे सायबर पार्क उभे केले. आमच्याकडे मात्र मजूर संस्थांच्या नावावर ठेकेदार बसतात आणि मागासवर्गीयांच्या म्हणून नोंदलेल्या किती तरी औद्योगिक संस्था कागदावरच राहतात. अनुदान डोळ्यांपुढे ठेवून संस्था काढली की हेच होणार. म्हणून या मुलांना आम्ही पहिल्याच बैठकीत बजावले की आधी काम आणा, शासनाच्या भागभांडवलाचे नंतर बघू.

आता कायदा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे संस्था काढायला किमान दहा माणसे लागतात आणि ती वेगवेगळ्या कुटुंबांतली असावी लागतात. आमच्या बारांत एक जोडपे आहे, म्हणजे हिशेबात अकराच. 'उत्पादक संस्था' या व्याख्येत सभासदांच्या श्रमाचा सामुदायिक विनियोग करणारी संस्थाही बसते. तोच आमचा दरवाजा. निबंधक कार्यालयात तयार पोटनियम मिळतात ते गृहनिर्माण संस्थेचे नाही तर पतसंस्थेचे. ते उतरवून काढले तर घात होईल. पोटनियम स्वतः लिहावे लागतील.

कलम २७ प्रमाणे भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. कलम २८ प्रमाणे एका सभासदाला एकूण भागभांडवलाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त भाग घेता येत नाहीत. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता की राजकारणात एक माणूस एक मत असेल, पण आर्थिक जीवनात ते तत्त्व आपण नाकारतच राहू. कंपनीत मत भागाला असते, माणसाला नसते. येथे ते माणसाला आहे. फरक एवढाच, पण तोच सगळा आहे.

मात्र एवढ्याने भागत नाही. उद्या काम वाढले आणि या बाराजणांनी चाळीस पगारी नोकर ठेवले, तर हे बाराजण कोण झाले? भांडवलदारच. म्हणून आमच्या मसुद्यात एक वर्ष काम केलेल्या प्रत्येकाला सभासदत्वाचा हक्क आहे आणि काम न करणाऱ्याला मत नाही. पगारावरून मात्र खडाजंगी झाली. दहा वर्षांचा अनुभव असलेला आणि काल पदवी घेतलेली मुलगी यांना सारखेच? स्पेनमधील मोंद्रागोन येथील कामगार सहकारी संस्थांनी सुरुवातीला सर्वात कमी आणि सर्वात जास्त मोबदल्यात एकास तीन हे प्रमाण ठेवले होते. आम्ही तेच सुचवले आहे. अनुभवी मंडळी अजून कुरकुरतात. कुरकुरू द्या, मत त्यांनाही एकच आहे.

एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही, ती म्हणजे कोडची मालकी. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक कंपनी असते. पण सभासद हा संस्थेचा नोकर की मालक? हा वाद न्यायालयात नेण्यापेक्षा प्रत्येकाकडून हक्क हस्तांतरणाचा लेख पहिल्याच दिवशी लिहून घ्यावा. त्या लेखात मुदत लिहिली नाही तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ग्राहक परदेशातला असेल तर एका वाक्याच्या आळसापायी संस्था बुडायची.

पैशाचे म्हणाल तर निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो आणि लाभांश पंधरा टक्क्यांच्या वर, निबंधकाच्या परवानगीशिवाय, देता येत नाही. म्हणजे झटपट श्रीमंत व्हायचे असेल त्याने येथे येऊ नये. सहा महिने ग्राहकाने बिल थकवले तरी घरचे भाडे भरता येईल एवढी शिल्लक प्रत्येकाकडे आहे का, हा आम्ही विचारलेला प्रश्न होता. बारांपैकी पाचजण गप्प बसले. त्यामुळे ठरले असे की आधी सातजणांनी नोकरी सोडायची. उरलेल्यांनी सभासद व्हायचे, संस्थेचे काम हाती आले की यायचे आणि मतही तेव्हाच वापरायचे. कायदा सभासदाचे मत असे थांबवू देईल काय, यावर आमचा सहायक निबंधकांशी पत्रव्यवहार चालू आहे. उत्तर येईपर्यंत अर्ज दाखल करणार नाही.