धुराविना खोदकाम

जेसीबी सुरू झाला की डिझेलचा धूर आणि धडधड आलीच. घमेलं उचलणाऱ्या बाईच्या नाकातोंडात तो धूर दिवसभर जातो.

नॉर्वेची राजधानी ओस्लो. तिथं २०१९ साली ओलाव्ह राजाच्या नावाचा रस्ता नव्यानं करताना विजेवरची यंत्रं आणली. आवाज एवढा कमी, की कामगारांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागेना. यंत्रं महाग, मधे चार्जिंगला लावावी लागतात, हे खरंच. पण महापालिकेनं ठेका देतानाच स्वच्छ यंत्रं आणणाऱ्याला जादा गुण दिले. २०२५पासून तर आपल्या कामांवर ती सक्तीचीच केली.

तिथली वीज बहुतेक पाण्यावर होते, आपली बरीचशी कोळशावर. म्हणजे धूर औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघणारच. तरी घमेलं उचलणारीच्या तोंडावर तो येणार नाही. आम्हाला हेही कमी वाटत नाही.