बीड फोडण्याची विद्या

मुंबईतील लाल बहादूर शास्त्री मार्ग, ज्याला जुनी माणसे अजूनही आग्रा रोड म्हणतात, त्याच्या दुतर्फा घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत एके काळी जे यंत्रकारखाने उभे होते, त्यांतील अनेकांच्या जागी आज गगनचुंबी निवासी इमारती नाही तर काचेच्या बाजारपेठा दिसतात. आणि या स्थित्यंतराची चर्चा निघते तेव्हा ती जमिनीच्या भावाची, कामगारांच्या थकबाकीची आणि कोर्टकज्ज्यांची असते. परंतु लिलाव झाला, बयाणा भरला गेला, पंचनामे आणि पावत्या दफ्तरी दाखल झाल्या, तरी एक प्रश्न असा उरतो की जो कोणत्याही कचेरीत सुटत नाही. अजस्र लेथची बैठक, पॉवर प्रेसचा सांगाडा, पट्ट्यावर चालणाऱ्या जुन्या यंत्राचे चक्र, ही सारी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, धुडे तेथून हलवावयाची कशी? बिडाचा एक घनमीटर सात टनांहून अधिक भरतो. साकीनाक्याच्या एखाद्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यात असे यंत्र असेल, मालाची लिफ्ट बंद असेल आणि खालच्या गल्लीत हायड्रा क्रेनला वळावयास जागा नसेल, तर सर्वांत वरची बोली बोलणाऱ्या भंगार-व्यापाऱ्याला आपल्या विजयाचा आनंद फार काळ टिकवता येत नाही.

सामान्य समजूत अशी की गॅस कटरपुढे कोणतेही लोखंड टिकत नाही. दारूखान्याच्या किनाऱ्यावर जहाजांची पोलादी कवचे ज्या सहजतेने चिरली जातात ती पाहिलेल्या माणसाची तशी समजूत होणे स्वाभाविकच आहे. पण ती पोलादापुरतीच खरी आहे. गॅस कटर पोलाद वितळवीत नाही, तो ते जाळतो. सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या पोलादावर प्राणवायूचा झोत सोडला म्हणजे ते पेट घेते, त्याचे ऑक्साइड होते, आणि हे ऑक्साइड १३७० अंशांच्या सुमारास वितळत असल्यामुळे, १५०० अंशांच्या आसपास वितळणारे पोलाद अजून घनरूप असतानाच ते द्रव होऊन झोताबरोबर वाहून जाते. मागे उरते ती सरळ, स्वच्छ चीर. बिडाच्या बाबतीत हा सारा क्रम उलटा होतो. त्यात ३ ते ४ टक्के कार्बन असतो, त्यामुळे ते ११५० ते १२०० अंशांवरच पाझरू लागते. म्हणजे वरचे ऑक्साइड वितळण्यापूर्वी खालचा धातूच ढासळतो. शिवाय त्यातील सिलिकॉनपासून चिकट मळी तयार होऊन झोताची वाट अडविते, आणि कार्बन ग्राफाइटच्या रूपाने जागोजाग बसलेला असल्यामुळे ज्वलन अखंड चालत नाही. तासभर सिलिंडर रिकामे केल्यावर पदरी पडते ती एक ओबडधोबड, बुडबुड्यांनी भरलेली जखम. कसलेले कारागीर बिडावर साध्या पोलादाची पट्टी ठेवून, तिच्या ज्वलनाची उष्णता उसनी घेऊन आणि नोझल सतत डोलवीत ठेवून जाडजूड बीडही कापतात, आणि झोतातून लोहचूर्ण सोडण्याचीही एक पद्धत आहे. पण भंगाराच्या भावात बसणारे हे काम नव्हे.

तेव्हा बीड कापावयाचे नसते, फोडावयाचे असते, आणि ते फोडता येते याचे श्रेय त्याच ग्राफाइटला आहे ज्याने गॅसचा पराभव केला. करड्या बिडात हे ग्राफाइट सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपाने पसरलेले असते, आणि प्रत्येक पापुद्रा म्हणजे धातूच्या देहातील आधीच पडलेली एक चीरच होय. दाब आला की त्या चिरा मिटून बसतात, ताण आला की उघडतात. म्हणून बीड दाबाला जेवढे सोसते त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढाच ताण सोसू शकते. पोलाद मोडण्यापूर्वी वाकते, बीड वाकण्याच्या भानगडीत न पडता एकदम तुटते. हे तत्त्व ज्याच्या ध्यानात आले नाही तो दिवसभर घण मारील आणि संध्याकाळी त्याच्या हाती पृष्ठभागावरचे काही पांढुरके डाग तेवढे लागतील. कारण भुसभुशीत जमिनीवर सपाट पडलेल्या धुडावर वरून केलेला आघात हा केवळ दाब आहे आणि त्यातील बराचसा माती पिऊन टाकते. तेच धूड दोन टोकांना दोन ठोकळ्यांवर टेकवून मधे पोकळी ठेवली, खालच्या अंगाला ग्राइंडरने एक खाच पाडली आणि घाव बरोबर त्या खाचेच्या माथ्यावर घातला, तर खालचा पृष्ठभाग ताणला जातो, चीर खाचेपासून सुरू होते, आणि जे शंभर घावांनी झाले नाही ते पाच-सहा घावांत होते. फळीला आडवी फळी जेथे मिळते ते कोपरे, भोकांच्या कडा, जाड भाग एकदम पातळ होतो ती ठिकाणे, ही सर्व बिडाची मर्मस्थाने आहेत. मला तर वाटते, या धंद्यात मनगटापेक्षा नजरेला अधिक मजुरी मिळावयास हवी; प्रत्यक्षात ती मिळत नाही, हा भाग वेगळा.

जेथे मोकळे आवार आहे तेथे हेच काम गोळ्याकडून करून घेतात. क्रेनने उंच नेलेला पोलादी गोळा खाली सोडून द्यावयाचा, एवढीच ही युक्ती. परंतु १० मीटरवरून सुटलेला गोळा खाली पोहोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी ५० किलोमीटर झालेला असतो, आणि तो गोळा एक-दोन टनांचा असल्यास त्याच्यासमोर बिडाची प्रतिष्ठा उरत नाही. मात्र तुकडे गोळीसारखे उडतात, म्हणून भोवती भक्कम भिंतींचा खड्डा लागतो. आणि अंधेरी-कुर्ल्याच्या दाट वस्तीत, जेथे एका भिंतीपलीकडे शाळा आणि दुसरीपलीकडे बालवाडी असते, तेथे या पद्धतीचा विचारही करू नये.

अशा ठिकाणी उपयोगी पडते ती पाचर, आणि ही विद्या साष्टी बेटाला, म्हणजे मुंबईच्या उपनगरांना, नवी नाही. मालाडचा पिवळसर दगड आणि कुर्ल्याचा काळसर बेसाल्ट, ज्यांनी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची भव्य वास्तू घडली, ते उपनगरांतल्या खाणींतून निघाले. एका रेषेत भोके पाडावयाची, त्यांत पाचरी बसवावयाच्या आणि प्रत्येकीवर क्रमाने एकेक घाव घालीत जावयाचे, म्हणजे कातळ ठरवलेल्या रेषेवर उकलतो, हे ज्ञान घण-सुतकी खांद्यावर घेऊन गावोगाव फिरलेल्या वडार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपले. बिडालाही हाच न्याय लागू पडतो. ड्रिलने भोकांची ओळ पाडतात, प्रत्येक भोकात दोन अर्धगोल पोलादी पट्ट्या आणि त्यांच्यामधे पाचर घालतात, आणि ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घाव देत जातात. प्रत्येक घावाबरोबर नाद बदलत जातो आणि अनुभवी कान त्यावरून चीर किती खोल गेली ते ओळखतो. पाचरीचा एक जुना भाऊबंद असाही आहे की भोकात पाणी भरून त्यात घट्ट बसणारा पोलादी दट्ट्या ठेवावयाचा आणि त्यावर घण घालावयाचा. पाणी दबत नाही, ते आघात चहूबाजूंनी भोकाच्या भिंतीवर ढकलते आणि बीड आतून फाटते. पोलादी नळीत सळया भरून, ती नळीच प्राणवायूत जाळीत पुढे सरकविण्याचा ऑक्सिजन लान्स आणि हिऱ्याचे कण बसविलेली वायर सॉ हेही मार्ग आहेत. पहिल्याला धूर फार, दुसरीला खर्च फार.

घरगुती पातळीवर हीच गोष्ट जुन्या सोसायट्यांच्या सांडपाण्याच्या बिडाच्या नळांत दिसते. हुशार प्लंबर नळ करवतीने कापीत बसत नाही. तो छिन्नीने भोवताली एक रेघ कोरतो, ती दोन-तीनदा फिरवतो आणि मग हलकेच ठोकतो, की नळ त्या रेघेवर तुटतो. मॅनहोलची बिडाची झाकणे चोरणाऱ्यालाही, दुर्दैवाने, हेच शास्त्र अवगत असते.

धोक्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. ओतकाम थंड होताना जाड आणि पातळ भाग वेगवेगळ्या वेळी आकसतात, त्यामुळे मोठ्या चक्रांच्या आऱ्यांत अंतर्गत ताण वर्षानुवर्षे कोंडलेला असतो आणि पहिल्याच चिरेबरोबर एखादा आरा बंदुकीसारखा आवाज करून सुटतो. बंद पोकळीत साचलेले पाणी किंवा तेल ज्वालेने तापले तर स्फोट होतो. चष्मा, जाड कपडे आणि प्रेक्षकांना पिटाळून लावणे, यांत काटकसर करू नये.

आणखी एक फसगत संभवते. १९४८ साली जगापुढे आलेल्या एस. जी. आयर्न नावाच्या बिडात ग्राफाइट पापुद्र्यांऐवजी वाटोळ्या गोळ्यांच्या रूपात असते, म्हणून त्यात चीर सहज धावत नाही. ते घणाखाली पोलादासारखे वाकते आणि वरील सर्व तंत्र निष्फळ ठरते. नवे पाण्याचे नळ बहुधा याचेच असतात. म्हणून जाणता भंगारवाला आधी हातोडीने वाजवून पाहतो: करडे बीड ठस्स वाजते, एस. जी. खणखणते.

हा सारा खटाटोप कशासाठी, तर वितळवण्यासाठी. पहिल्या महायुद्धात कच्च्या लोखंडाचा तुटवडा पडला तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील जुन्या तोफा लक्ष्मणराव किर्लोस्करांना नांगर ओतण्यासाठी दिल्या. पण तोफ असो की लेथची बैठक, ती अखंड भट्टीत जात नाही. क्युपोला भट्टीच्या अंतर्व्यासाच्या एक-तृतीयांशाहून मोठा तुकडा आत टाकला तर तो अडकून वरचा माल अधांतरी राहतो आणि भट्टी बंद करावी लागते. म्हणून कोल्हापूरचा किंवा बेळगावचा फाउंड्रीवाला मुंबईहून आलेला ट्रक रिकामा करताना आधी तुकड्यांचा आकार पाहतो आणि मग भाव बोलतो.