तेरा गणवेशांचा खेळाडू

थोर खेळाडूंचीं चरित्रें लिहिलीं जातात, त्यांच्या तसबिरी मुलांच्या खोल्यांतून लागतात. परंतु कोणत्याहि खेळाचा संसार केवळ थोरांच्या बळावर चालत नाहीं. आज आपल्यापुढें ज्याची हकीकत मांडावयाची आहे, तो मॅट स्टेअर्स हा अमेरिकेंतील धंदेवाईक बेसबॉलमध्यें १९९२ पासून २०११ पर्यंत खेळला आणि तेवढ्या काळांत त्यानें तेरा संघांचे गणवेश अंगावर चढविले. अशा खेळाडूला तिकडे ‘जर्नीमन’ म्हणतात. हा शब्द ऐकून आपल्याला प्रवासाची आठवण होते. पण त्याचें मूळ दिवसभराच्या कामांत आहे. उमेदवारी संपली आहे, हातांत कसब आहे, परंतु स्वतःचें दुकान नाहीं, असा रोजंदारीवर राबणारा कारागीर, हा त्याचा खरा अर्थ.

पुढील हकीकत कळण्यासाठीं खेळाचे एकदोन नियम सांगितले पाहिजेत. बेसबॉलमध्यें प्रत्येक बाजूस नऊ गडी असतात. त्यांपैकीं सहा जण मैदानाच्या आंतल्या भागांत असतात आणि तिघे दूरवर हिरवळीवर, कुंपणाच्या अलीकडे उभे राहतात. हे तिघे बाह्यक्षेत्ररक्षक. स्टेअर्स हा त्यांपैकीं एक. फलंदाजानें टोलविलेला चेंडू कुंपणापलीकडे गेला म्हणजे त्याला होमरन म्हणतात. आपल्या षट्काराशीं त्याचें नातें जवळचें आहे. सामना चालू असतांना एका फलंदाजाच्या जागीं दुसरा धाडतां येतो. मात्र ज्याला एकदां उठविलें, त्याला त्या सामन्यांत पुन्हां खेळतां येत नाहीं. म्हणून हा बदली फलंदाज नेमका केव्हां खर्ची घालावयाचा, हा संघाच्या व्यवस्थापकापुढें नेहमींच मोठा प्रश्न असतो.

स्टेअर्सचा जन्म १९६८ सालीं कॅनडांतील न्यू ब्रन्सविक प्रांतांत, सेंट जॉन येथें झाला. लांब हिवाळ्याचा आणि बर्फावरील हॉकीचा हा मुलूख. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्यें तो कॅनडाच्या संघांतून खेळला आणि पुढील वर्षीं माँट्रियलच्या एक्स्पोज संघानें त्याला करारानें बांधून घेतलें. तेथें करार झाला म्हणजे लगेच मोठ्या मैदानावर उभें राहावयास मिळतें असें नव्हे. प्रत्येक मोठ्या संघाच्या हाताखालीं लहान संघांची एक शिडी असते. तिच्या एकेक पायरीवर, लहान गांवांतून, बसगाडीनें रात्रीचा प्रवास करीत आणि तुटपुंज्या पगारावर दिवस काढावे लागतात. १९९१ मध्यें हॅरिसबर्ग येथें खेळत असतां आपल्या साखळींतील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला. १९९२ मध्यें माँट्रियलचें बोलावणें आलें. पण संधि फारच थोडी मिळाली. १९९३ सालीं तो जपानांत जाऊन चुनिचि ड्रॅगन्स ह्या संघांतून खेळला, तर १९९५ मध्यें बोस्टनच्या संघांत दिसला.

पांच फूट नऊ इंच उंचीच्या, आडव्या बांध्याच्या ह्या गड्याला पाय रोवण्यास खरी जागा मिळाली ती १९९६ सालीं ओकलंड येथें. १९९७ मध्यें त्यानें २७ होमरन मारले, तर १९९९ मध्यें ३८. हें त्याच्या उमेदीचें शिखर. परंतु २००० सालचा खेळ तसा उतरला नाहीं आणि वर्ष संपण्यापूर्वींच ओकलंडनें त्याला शिकागोच्या संघास देऊन टाकलें. त्यानंतर मिल्वॉकी, पिट्सबर्ग, कॅन्सस सिटी, टेक्सस, डेट्रॉइट, टोरोंटो, फिलाडेल्फिया, सॅन डिएगो आणि वॉशिंग्टन असा त्याचा फेरा चालला.

खेळाडूची अशी देवघेव होते तरी कशी? पूर्वीं संघाचा त्याच्यावर जवळजवळ मालकी हक्कच असे. सेंट लुईसचा बाह्यक्षेत्ररक्षक कर्ट फ्लड ह्याला १९६९ मध्यें फिलाडेल्फियाच्या संघास देण्यांत आलें, तेव्हां त्यानें जाण्याचें नाकारलें आणि थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. १९७२ सालीं निकाल त्याच्याविरुद्ध लागला. परंतु त्या झगड्यानें वातावरण पालटलें आणि १९७५ च्या अखेरीस एका लवादाच्या निर्णयानें खेळाडूंना करारमुक्तीची वाट मोकळी झाली. मोठ्या संघांतून सहा वर्षें सेवा झाली म्हणजे, करार संपतांच खेळाडूला हवा तो संघ पाहतां येऊं लागला. मात्र करार चालू असतां त्याची अदलाबदल करण्याचा हक्क संघाकडेच राहिला. ती नाकारण्याचा अधिकार नियमानें कोणाला? मोठ्या संघांतून दहा वर्षें खेळून, त्यांपैकीं शेवटचीं सलग पांच वर्षें एकाच संघांत काढलेल्याला. म्हणजे एका जागीं मुरलेल्यालाच जागा न सोडण्याचा हक्क! स्टेअर्सनें कांहीं संघ स्वतःच्या करारानें पत्करले हें खरें. पण दुसऱ्यांनीं हलविलें असतां ‘मी जाणार नाहीं’ असें म्हणण्याचा हा हक्क त्याच्यासारख्याला मिळावा कसा?

ह्या फिरस्तीची झळ त्याला २००६ सालीं चांगलीच लागली. त्या एका वर्षांत तो तीन संघांतून खेळला. सप्टेंबरांत डेट्रॉइटनें त्याला घेतलें आणि तो संघ अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेपर्यंत पोंचला. परंतु ऑगस्टअखेर जो संघांत नाहीं त्याला अखेरच्या स्पर्धेंत खेळतां येत नाहीं, असा नियम होता. सोबत्यांचा खेळ पाहत राहण्यावांचून स्टेअर्सला गत्यंतर नव्हतें.

दोन वर्षांनीं दैव पालटलें. २००८ च्या ऑगस्टअखेरीस, ती मुदत टळण्याच्या जेमतेम आधीं, टोरोंटोनें त्याला फिलाडेल्फियास दिलें. त्याचें वय तेव्हां चाळीस. १३ ऑक्टोबर रोजीं लॉस एंजेलिस येथें उपांत्य मालिकेचा चौथा सामना चालू होता. आठव्या डावांत फिलाडेल्फियानें ५–५ अशी बरोबरी साधली, दोन गडी बाद झाले आणि एक गडी तळावर होता. समोर जोनाथन ब्रॉक्स्टन हा विलक्षण वेगाचा गोलंदाज. व्यवस्थापकानें स्टेअर्सला बदली फलंदाज म्हणून धाडलें. त्यानें मारलेला चेंडू उजव्या बाजूच्या प्रेक्षकांत खूप वर जाऊन पडला, आणि सामना ७–५ असा फिलाडेल्फियाच्या हातीं आला. पुढें त्या संघानें अजिंक्यपद मिळविलें.

हा टोला दैवयोगाचा म्हणतां येणार नाहीं. बदली फलंदाजाचें काम मोठें अवघड. इतरांचे हात खेळून मोकळे झालेले असतात. ह्यानें मात्र दोन-अडीच तास बाकावर काढलेले असतात. मग सामन्याच्या अगदीं ऐन घटकेस, ताज्या दमाच्या गोलंदाजापुढें, एकदांच उभें राहावयाचें, आणि चुकल्यास परत बाकावर. बदली फलंदाज म्हणून स्टेअर्सनें कारकीर्दींत २३ होमरन मारले. हा मोठ्या साखळींतील विक्रम आहे. त्यापूर्वींचा २० चा विक्रम त्यानें २०१० मध्यें, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं मोडला. २०२२ पासून दोन्ही साखळ्यांत गोलंदाजाऐवजीं नेमलेला फलंदाजच खेळत असल्यामुळें बदली फलंदाजाची गरज पुष्कळ कमी झाली आहे. तेव्हां हा विक्रम सहजासहजीं मोडला जाईल असें दिसत नाहीं. हा विक्रम नांवाजलेल्या खेळाडूला करतांच येत नाहीं. तो रोज पहिल्या नऊंत असतो. ज्याला जागेची शाश्वती नाहीं, पण जो बोलावणें येतांच तयार असतो, त्याच्याचसाठीं तो आहे.

२०११ मध्यें वॉशिंग्टन येथें स्टेअर्सची कारकीर्द संपली. गंमत अशी कीं, हा वॉशिंग्टनचा संघ म्हणजे माँट्रियलचाच जुना संघ; २००५ सालीं तो बिऱ्हाड उचलून तिकडे गेला होता. एकूण २६५ होमरन त्याच्या नांवावर जमा झाले. २०१५ मध्यें कॅनडाच्या बेसबॉल कीर्तिमंदिरांत त्याचा समावेश झाला. पण अमेरिकेंतील कूपर्सटाउनच्या कीर्तिमंदिरासाठीं २०१७ सालीं वृत्तपत्रकारांनीं मतें दिलीं, तेव्हां त्याच्या नांवापुढें एकहि मत पडलें नाहीं.

हा निवाडा अन्यायाचा आहे, असें म्हणण्याचें कारण नाहीं. थोरवीचें माप निराळें असतें आणि तें कडकच असावें. परंतु आपल्या कचेऱ्यांत, कारखान्यांत, शाळांत अशीं माणसें आपण रोज पाहतों: रजेच्या जागीं येतात, बदलीवर जातात, निरोपसमारंभापुरतींहि एका ठिकाणीं टिकत नाहींत. अडलेलें काम मात्र पुष्कळदां त्यांच्याच हातून सुटतें. त्यांच्याकडे पाहतांना ह्या तेरा गणवेशांच्या गड्याची आठवण ठेवावी, इतकेंच आज सांगावयाचें होतें.